रुमालाखाली

मार्केट यार्डात, चौगुल्यांच्या अडतीत
पडद्यावरसुद्धा हळद बसते.
सकाळी आल्या आल्या बोटानं पुसते मी.
रेघ उमटते, रेघेतून डोकावतो
तांबडा, हिरवा, पिवळा, मध्ये निळा डोळा:
क्रोम.

अकरा वर्षं हाच.
मी निवडला असं काही नाही,
आधीचा कारकून ठेवून गेला,
खुर्चीवरच्या चेपलेल्या उशीसारखा.

"मगदूम बाई, बदला की ओ ह्याला,"
मिरजेचा तौफिक म्हणाला.
दर दोन महिन्यांनी येतो,
डबा उघडून फुंकर मारतो,
पिवळंधमक शिंकतो,
आणि बिल लिहिता लिहिता शिकवतो:
"एकटा चार माणसांचं जेवतोय हा.
फायरफॉक्स टाकून देतो.
नाहीतर एज आहेच, कोपऱ्यात बसलाय बिचारा,
त्याला कोण हाकच मारत नाही."

मी म्हटलं, अरे, पण ह्याला सगळं पाठ आहे.
जीएसटीचा पासवर्ड, बँकेचा,
सेलमच्या पेढीचा पिनकोड.
नुसता 'ह' टाकला
की 'हळद भाव आजचा' हाच पूर्ण करतो.
घरी सतरा वर्षं झाली.
तिथं मी आख्खं वाक्य बोलते,
तर पेपरामागनं येतं
"हं?"

मग एकदा, दुपारी,
अण्णा नेमिनाथनगरला जेवायला,
हमाल पोत्यांवर आडवे,
मी टाइप केलं:
विश्रामबाग, एक खोली, भाड्यानं,
एकट्या बाईसाठी.
पाहिलं. पुसलं नाही.
पुसायचं असतं हे मला कुठं ठाऊक?

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू.
राजापुरीच्या भावाशेजारी
खोली आली.
शंभर फुटी रोडला लागून, गॅलरीसकट,
वर लाल अक्षरात: अजून शोधताय?

भाव बघायला वाकलेले अण्णा.
त्यांच्या चष्म्याच्या दोन काचांत
दोन खोल्या.
मागं खरेदीदार दाटीनं उभे,
त्यातला एक आमच्या ह्यांचा मावसभाऊ.

अण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
मान पुसल्यासारखं केलं
आणि पडद्याच्या उजव्या कडेवर टाकला.
"ऊन येतंय," म्हणाले.

खिडकी उत्तरेला आहे.

संध्याकाळी पट्ट्या लिहिताना,
माझ्याकडं न बघता, कुणाला तरी सांगावं तसं:
"आमच्या आजोबांच्या वेळी सौदा रुमालाखाली व्हायचा.
बोटात बोट. दाबलं की आकडा.
शेजारी उभ्याला नुसता
कापड हललेला दिसायचा."
मग वही मिटली.
"टोटल तपासा तेवढी."

तौफिकला फोन केला. ये, दुसरा टाक.
आला, टाकला, एक जांभळी खिडकी दाखवली,
मुखवट्याचं चिन्ह असलेली.
"बंद केली की विसरती.
पण बाई, सगळं झाकत नाही हां,
नेट देणाऱ्याला थोडंफार दिसतंच."
असू दे म्हटलं.
रुमालालाही कुठं ना कुठं भोक असतंच.

आता दिवसभर क्रोम.
बाजाराचं बाजाराला कळू दे.
बिलं, पावत्या, वाहतुकीचे पास,
सगळं त्याच्या जिभेवर, मला स्पेलिंगसुद्धा लागत नाही.

आणि दीड ते दोन जांभळी.
तिला माझं काहीच पाठ नाही.
रोज कोरी उघडते, रोज विचारते
काय हवंय.
रोज मला एकेक अक्षर सांगावं लागतं,
खो, ली,
अनामत किती, पाणी किती वाजता,
ए, क, टी.
तौफिक म्हणतो, वेळ जातो त्यात.
जातो.
पण इतक्या वर्षांत मला पहिल्यापासून
असं कुणी विचारलंच नव्हतं.

अण्णा हल्ली जेवून परत येताना
उंबऱ्यातच थांबून खोकतात.
हळदीचा खोकला, म्हणतात.
चाळीस वर्षं ह्या धुळीत बसलेत,
कधी खोकलेले ऐकले नव्हते.