संदर्भ आठवडा

"रविवारी संपलेल्या आठवड्यात
पगारी काम केलंत का,
निदान एक तास?"

हा माझा प्रश्न. न्यूपोर्टच्या मेंडी भागात
तो दारोदार घेऊन फिरते,
एका हातात टॅब्लेट, दुसऱ्यात पत्त्यांची यादी,
छत्रीला हात उरत नाही.
एक तास पुरतो.
एकशे अडुसष्टांतला एक.
तेवढ्यावर माणूस रोजगारात जमा होतो
आणि दूर कुठल्या तरी कचेरीत
आलेखाची रेघ केसभर वर सरकते.

बावीस नंबरात येस्टिन.
सायकल पॅसेजमध्ये, चाकाखाली जुना टॉवेल.
"तास कुठला धरायचा?" तो विचारतो.
"बिर्याणी पोचवली तो,
की दुकानाबाहेर फोनकडे बघत
भिजत उभा होतो तो?"
दुसऱ्या तासाला माझ्याकडे रकाना नाही.
मालक कोण, तर ॲप.
त्याला चेहरा नाही, पण रुसवा आहे,
दोन ऑर्डरी नाकारल्या की तिसरी येत नाही.
कामापुरता मामा, ताकापुरती आजी.
आता मामा मिनिटावर मिळतो.

डेल्विन प्रॉसर, वय एकाहत्तर.
लॅनवर्नच्या पोलाद कारखान्यात अठ्ठावीस वर्षं.
मागचं काम विचारलं तर उठून उभाच राहिला,
भट्टीच्या तोंडाशी कसं उभं राहायचं
ते दाखवायला:
एक पाय मागे, हनुवटी खाली, डोळे बारीक.
गुडघा करकरला. बायको म्हणाली, बस आता.
कामाचं स्वरूप, चाळीस अक्षरांत.
मी टाइप केलं: भट्टी कामगार.
पाय मागेच राहिला.

"आणि तुम्ही, मिसेस प्रॉसर?"
"मी? मी काही करत नाही."
मांडीवर एक नातवंड, दुसरं पायाशी,
लेक गोदामात, दहा तासांच्या पाळीवर.
एका टिचकीत ती झाली
आर्थिकदृष्ट्या निष्क्रिय.
तेवढ्यात पोर ओकलं.
निष्क्रिय बाईने एका हाताने ते पुसलं,
दुसऱ्याने माझ्याकडे चहा सरकवला.

इचलकरंजीत आई पहाटे चारला
कांड्या भरायला बसायची.
शेकड्यावर पैसे, सूत तुटलं तर कापून.
आम्ही त्या चाकाच्या आवाजात झोपायचो,
ते थांबलं की जाग यायची.
शाळेच्या फॉर्मवर "आईचा व्यवसाय" पुढे
मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: काही नाही.
बाईंनी लाल शाईने दुरुस्ती केली: गृहिणी.
दोघींनाही पैकीच्या पैकी गुण.

रिकामं बसू नये, ती म्हणायची.
त्या शब्दाच्या पोटातसुद्धा काम आहे
हे मला इथे, वेल्समध्ये, परक्या जिन्यावर
दार उघडायची वाट बघताना दिसलं.
वाट बघण्याचे मलाही मिळत नाहीत.
पूर्ण झालेल्या मुलाखतीचे मिळतात.
गुरुवारी नऊ दारं,
एका कुत्र्याने तेवढी दखल घेतली.
मार्चपासून हे प्रश्न मोबाइलवर जाणार,
मला बोलावतील, "गरजेप्रमाणे".
मेलच्या शेवटी एक हसरा चेहरा होता.

बसथांब्यावर पोचते तोवर
मागून सपातांचा फटफट आवाज.
मिसेस प्रॉसर. पोरं नवऱ्याच्या अंगावर टाकून.
"मघाचं उत्तर बदलता येईल का?"
फॉर्म गेला होता. मी तसं सांगितलं.
"बरं," ती म्हणाली,
आणि परत फिरली नाही.
हातातली छत्री उघडून
माझ्या डोक्यावर धरली,
स्वतःचा एक खांदा पावसात ठेवून.

तिचं पहिलं नाव विचारायचं राहिलं होतं.
ब्रॉनी, म्हणाली.

बस सतरा मिनिटं उशिरा आली.