भरताचं वांगं

माझ्या पिशवीत माला, छाया, निरोध,
पुठ्ठ्याचं एक गर्भाशय, घडीवर फाटलेलं,
आणि तोंडावर हा टाका,
वरच्या ओठातून नाकपुडीपर्यंत चढलेला.
बायका पुठ्ठ्याकडे बघत नाहीत.

मी सांगते, तांबी वर चढून काळजाला टोचत नाही.
सांगते, ऑपरेशन झालेला निंबा
आजही केळीचे दोन घड एका दमात ट्रकवर चढवतो,
विचारा त्याच्या मुकादमाला.
अंगावर पाजतेय म्हणून राहणारच नाही, असं नसतं गं.
सिंधूबाईची दोघं एकाच वर्गात आहेत,
जुळी नाहीत.

हसतात. माना हलवतात.
मग कोणीतरी म्हातारी सुपातला हात थांबवून म्हणतेच,
"बाकी तुन्हं ऱ्हाऊ दे माय, पन गिऱ्हान खरं शे.
तुन्हं तोंडच सांगस."

काय बोलणार.
ओट्या-ओट्यावर पुरावा
मीच पायी नेऊन दाखवते.

अडावदच्या पुढे, फाट्यावरून आत, हर्षालीचं घर.
नवरा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातो,
महिन्यात चार-पाच रात्री घरी.
परवा तिनं पाकीट पुढे केलं.
पाच गोळ्या कमी, वरच्या ओळीतल्या.
आणि खालच्या सात तपकिरी सगळ्या गायब,
त्या सासूला दिल्या म्हणे, अशक्तपणावर.
"त्या येतस त्या रातले लिधी ना मी, ताई. चुकनू नही."

दीड महिना वर गेला होता.

मीच म्हणाले होते, रात्री जेवल्यावर एक.
रोज, असंही म्हणाले होते, बहुतेक.
त्या दिवशी ऊन होतं, अजून सहा घरं राहिली होती.
माझ्या 'रात्री'त आणि तिच्या 'रात्री'त
अख्खा महामार्ग पडला होता,
तो मला दिसला नाही.

"ठेवनं शे," ती म्हणाली. हळूच.
मग माझ्या ओठाकडे न बघता विचारलं,
"ग्रहण कव्हय शे औंदा?"

ऐंशी सालचं माघातलं ग्रहण, माझी आई पोटुशी.
सासरचे म्हणाले, हिनं वांगं कापलं.
माझ्या बारशाला कोणी आलं नाही.
धुळ्याच्या दवाखान्यात दोनदा शिवलं मला,
दोन्हीदा आई दाराबाहेर
डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून.
सदतीस वर्षं तिनं ग्रहणाच्या दिवशी
विळीला हात लावला नाही,
विळीकडे पाठ करून बसायची.

मरायच्या आधीच्या थंडीत मी तिच्यासमोर
पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होते.
साल तडकत होतं, धूर डोळ्यात जात होता.
ती एकदम म्हणाली,
"त्या दिनले बी भरीतच व्हतं.
सकायम्हाच भाजेल. गिऱ्हान त दुपारनं.
भरीतनं वांगं कोनी कापस का व?"

मग तू बोलली का नाहीस, आई?

"तीन दिन इचारत व्हतात. तू रडी रायनी व्हती.
दूध येत नव्हतं.
चवथा दिनले म्हनी टाकं, हाव, कापं."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.
मीटिंगमध्ये नाही, माझ्या लेकींना नाही.
हर्षालीला सांगितलं,
तिच्या ओसरीत, केळीच्या सालींच्या ढिगाशेजारी.
तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं,
"मंग तुन्हा व्होट कसा फाटना व?"

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं,
कधी रक्तातून येतं, कधी काही औषधातून,
बऱ्याचदा कारण सापडतच नाही.
सापडतच नाही, हे कुठल्या चित्रात दाखवू?
वांगं निदान हातात धरता येतं.

माहीत नाही, म्हणाले.
ती माझ्याकडे बघत राहिली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी
टाका सोडून थोडं वर, डोळ्यांत.

पिशवीतून पिवळ्या गोळ्या काढल्या.
तिच्या तळहातावर मोजून ठेवल्या,
एक, दोन, तीन, तीसपर्यंत.
रोज एक, हर्षाली.
तो असो, नसो.

"आनि वांगं?"

कापून खा. भाजून खा.
आज बाजार आहे चोपड्याचा,
येताना माझ्यासाठीही एक आण,
हिरवं, देठाला काटे असलेलं.