सात तास बारा मिनिटं

ताईचा आवाज आता एकाच ठिकाणी उरलाय:
मधुमेही माणसानं काय खावं या विषयावरचं पुस्तक,
प्रकरणं चौदा,
वाचन प्रमोदिनी फणसे.

अलकापुरीतल्या एका बंद खोलीत
बांगड्या काढून, पंखा घालवून
तिनं ते वाचलं, तासाला दीडशे रुपये.
येताना मात्र त्यातूनच पाव किलो पेंडे.

कंपनी बुडाली. कुलूप बुडालं नाही.
फाईल नव्या फोनवर टाकली की पाटी येते,
या उपकरणाला परवानगी नाही.
परवानगी ज्यांनी द्यायची
त्यांच्या जागी चष्म्याचं दुकान आहे.
जाऊन आलो. डोळे तपासून आलो,
उगाच रिकाम्या हातानं कसं निघायचं.

तिचा जुना प्लेयर तेवढा अजून ओळख देतो.
काचेला तडा, बॅटरी पोटुशी,
कानाच्या वायरीचं भोक गंजलेलं.
रावपुऱ्यात केयूरनं तो उलटापालटा करून पाहिला.
"काका, ताळं तोडायचं कामच नाय.
स्पीकर बोलतो ना? बोलू दे.
बाजूला फोन ठेवा रेकॉर्डिंगला, आणि बसा."
किती वेळ?
"वाचायला जेवढा लागला तेवढा."

मे महिना. पंखा बंद.
दोन गोधड्यांच्या तंबूत
ती, तिचा डबा, माझा फोन
आणि घामानं निथळणारा मी.

एक वाटी मोड आलेली मटकी, ताई म्हणाली.
अर्धी भाकरी. साय काढलेलं दूध.
सुरसागरच्या वळणावर मी सायकलवरून पडलो तेव्हा
'ऊठ, काही झालेलं नाही' म्हणाली होती,
तोच आवाज, तीच घाई.

सहाव्या प्रकरणात खालून मेथीवाली ओरडली.
सातव्यात कुकरच्या तीन शिट्ट्या;
बायकोला सांगायचं राहिलं होतं.

नवव्याच्या शेवटी पान उलटल्याचा आवाज
आणि मग कापायचं राहून गेलेलं एक काहीतरी:
वाचनाच्या सुरातलं नाही, हळू, तिरकं,
"बरोबर?"
काचेपलीकडे कुणी मान हलवली असेल.
इथे दोन सेकंद कुणीच नाही.

मी गोधडीत तोंड खुपसून म्हणालो,
बरोबर.

"प्रकरण दहावे," ती म्हणाली, "सणवार आणि पथ्य."

केयूरनं सोमवारी कानाला लावून ऐकलं.
"मेथीवाली काढता येईल, शिट्ट्या पण.
हे मधी कोण बोलतंय? काढू?"
मी म्हटलं, मेथीवाली काढ.
दुकानाच्या पायऱ्या उतरलो, परत चढलो.
राहू दे रे, तीही राहू दे.

आता ती कुठेही वाजते.
भाचीच्या गाडीत, टीव्हीत,
मांडवीच्या फूटपाथवर घेतलेल्या लाल स्पीकरमध्ये,
ज्यावर एरवी माझा शेजारी भजनं लावतो.
कुणाचीही परवानगी न विचारता
सगळ्यांना साखर बंद करायला सांगते.
भाची विचारते, मामा, तू मधेच काय बोलतोस?
तिला म्हटलं, प्रश्न मला नव्हता.

खरं तर सात तास बारा मिनिटं म्हणायला नको.
प्लेयर तेराव्याच्या अखेरीला गरम झाला, विझला,
पुन्हा उठला नाही.
नवी बॅटरी घातली तर तारीख विचारतो,
तारीख दिली तर परवानगी.
केयूर म्हणतो, याच्यापुढे आपलं काम नाय.

माझ्याकडे आहेत सहा तास एक्कावन्न.
उरलेली एकवीस मिनिटं आतच राहिली.
अनुक्रमणिका उघडता येते, तेवढी फुकट आहे.
तिथे लिहिलंय: प्रकरण चौदावे,
दुसऱ्यांच्या घरी जेवायला जाताना.