लॉगिनचं पान, पहाटे साडेतीन

फ्रेमवर्कनं दिलेला फॉर्म
शाळेच्या गणवेशासारखा आला:
दोन चौकटी, एक राखाडी बटण,
कुणाच्याही मापाचा, म्हणून कुणालाच न बसणारा.
मी बाह्या उसवायला बसले.

इसाफ्योर्दुरमध्ये डिसेंबरात
डोंगराआड गेलेला सूर्य
जानेवारी सरताना तोंड दाखवतो.
बंदराच्या कचेरीत, हीटरला पाय लावून,
मी तीन दिवस त्या दोन चौकटींशी भांडले.
टेम्प्लेटमध्ये क्लास लिहिला, तो पोचला नाही.
स्टाइलशीटमध्ये रंग लिहिला,
वरच्या कुणीतरी तो पुसून टाकला.
शेवटी ओळीत उद्गारचिन्ह ठोकून
हे महत्त्वाचं आहे, असं बजावलं,
तरी कड जागची हलेना.
मग उमगलं: चौकट पानावर जन्मतच नाही.
ती आत, पायथनच्या एका फाइलीत जन्मते
आणि अंगावर कपडे चढवूनच बाहेर येते.
आत जाऊन सांगितलं. ऐकलं तिनं.

मग काय, हात सैल सुटला.
पांढरंशुभ्र पान. मधोमध फॉर्म,
आठ पिक्सेलचे गोल कोपरे,
'बोटीचा क्रमांक' हे शब्द इतके फिकट
की असून नसल्यासारखे.
चौकट निवडली की उमटणारी जाड निळी कड
मला गावंढळ वाटली. काढली.
मासळीचा हिशेब बघणारी थोरगुन्ना म्हणाली, देखणं झालंय.

ओडगेइर काही म्हणाला नाही.
दोन आठवड्यांनी फोन केला: ये एकदा बोटीवर.

पहाटे साडेतीन. केबिनमधले सगळे दिवे मालवलेले.
काचेपलीकडे निव्वळ काळोख,
आणि त्या काळोखात त्याला सगळं दिसत होतं,
बोया, लाटेची कड,
कुणाच्या तरी बोटीचा हिरवा ठिपका.
डोळे असे तयार व्हायला अर्धा तास लागतो, म्हणाला.
मग कॉडची नोंद करायला टॅबलेट उघडला.

माझं पान उजाडलं.
काचेतला समुद्र गेला.
उरलो आम्ही दोघं, पांढरेफटक,
आणि माझे आठ पिक्सेलचे गोल कोपरे.

बोटीवरच गेलं होतं त्याचं एक बोट,
विंचच्या दोरात, एकोणीस वर्षांपूर्वी.
उरलेल्यांवर रबरी हातमोजा.
नेमक्या कुठल्या चौकटीत आहोत
ते कळायला कड नव्हती. मीच काढलेली.
बटण दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा
लाल अक्षरं आली: क्रमांक किंवा संकेतशब्द चुकला.

'दोन्हीतलं कुठलं?'
फॉर्मला ठाऊक असतं, मी म्हटलं,
पण सांगायचं नसतं. चोर ऐकत असतात.
त्यानं काचेकडे पाहिलं,
खाली ऐंशी वाव पाणी होतं.
'इथे?'

परतल्यावर मी पान काळं केलं.
अक्षरं विझत्या निखाऱ्याच्या रंगाची.
बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत,
हुकायचं म्हटलं तरी हुकणार नाही असं.
निळी कड परत आणली, पण निळी नाही,
तांबूस, आणि पहिल्यापेक्षा जाड.
संदेश तसाच ठेवावा लागला, नियम आहे;
खाली एवढंच जोडलं: हातमोजा काढून बघ.

थोरगुन्ना म्हणाली, हे काय, सुतक पडल्यासारखं?
खरं होतं. ट्यूबलाइटखाली ते कुरूपच दिसतं.
मी वाद घातला नाही.

गुरुवारी झोप लागेना म्हणून खिडकीशी उभी होते.
धक्क्यावरून त्याची बोट सुटत होती.
निघताना लॉगिन करावंच लागतं,
म्हणजे आत्ता तो करत असणार.
केबिनच्या काचेकडे बघत राहिले.

काहीच उजळलं नाही.