पाण्याचा नकाशा

मोटारी टाळून बुट्टेनाथाच्या दरीकडं जायचंय?
स्टँडामागं खैरुद्दीनला विचारा.
पंक्चर तपासायच्या घमेल्यात बोट बुडवून
तो फरशीवर वाट काढतो:
"ही पाणंद. बोर डाव्या हाताला ठिवा.
बांध आला की उतरा,
सायकल खांद्यावर घ्या,
तिलाबी जरा डोंगर बघू द्या."

अंबाजोगाईला पाठीमागून किती वाटा
हे त्याच्या गुडघ्यांना पाठ.
दूध, तारा, एकदा तर नवरदेवाचा फेटा
त्यानं ह्याच वाटांनी वेळेवर पोचवला.

परवा पाणंदीवर मोजणीवाले आले,
चुन्याच्या दोन रेघा मारून गेले,
मधे दोन मोटारी मावतील अशा.

तेव्हापासून खैरुद्दीन
उन्हातली फरशी सोडून
पायरीच्या सावलीत नकाशा काढतो,
जरा उशिरा वाळावा म्हणून.