पोसो देल तोर्दो : इंधन, पंधरा मिनिटे

उन्मेषच्या प्लास्टिकमध्ये घातलेल्या वेळापत्रकात
या गावाला एवढीच ओळ होती.
पंपाच्या नळीच्या तोंडाला कापडी पिशवी बांधलेली
आणि पुठ्ठ्यावर खडूनं : नो आय नाफ्ता.
नाफ्ता म्हणजे पेट्रोल, इतपत भाषा आम्हाला
पॅटागोनियाच्या खडीनं शिकवली होती.
टँकर कधी?
एदेल्मिरानं स्वेटरच्या बाहीतून हात न काढता
हनुवटी त्या टोकाकडे केली
जिथे रस्ता होता आणि आणखी काही नव्हतं.

सहा मोटारसायकली. वारा असा
की साइडस्टँडचा भरवसा नाही,
म्हणून भिंतीला टेकवून एकमेकींना दोरीनं बांधल्या,
बाजाराला आणलेल्या गुरांसारख्या.
हेल्मेट काढली तेव्हा लक्षात आलं,
कालपासून आपण बोलतच नाही आहोत.
दिवसभर कानातल्या यंत्रात एकमेकांचा श्वास,
मध्येच खड्डा, ट्रक, ग्वानाको डावीकडे,
तेवढ्यालाच बोलणं समजत होतो.
भांडण हॉटेलच्या बिलावरून.
खरं तर नाही. ते घरूनच आणलेलं,
सामानात सगळ्यात तळाशी.

पंपामागच्या खोलीत शेगडी.
भोपळ्याचं वाटीएवढं भांडं, त्यात हिरवा पाला, वर गरम पाणी,
आणि सगळ्यांत मिळून एकच धातूची नळी.
एदेल्मिरा प्यायली. टायरवाला प्रिचर्ड प्यायला.
(पणजोबा वेल्समधून आले, म्हणाला,
तिकडचा एकच शब्द मला येतो, तो शिवी आहे.)
मग नळी जयदीपकडे.
जयदीप, जो स्वतःच्या घरातही पेला वेगळा ठेवतो,
ज्याला उष्ट्या-खरकट्याच्या धाकात वाढवलं,
त्यानं नळीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.
बाहेर वारा एकेक पत्रा हलवून बघत होता.
प्यायला. कडू, म्हणाला,
आणि भांडं पुढे केलं माझ्याकडे,
जिच्याशी तो कालपासून.
नळी अजून गरम होती.

संध्याकाळी शाळेच्या हॉलात सोडत,
हौशी अग्निशामकांना नवा पाइप हवा म्हणून.
आग लागली तर मदतीला धावून येणारा वाराच,
प्रिचर्ड म्हणाला, आणि तो आगीच्या पक्षाचा.
नाही म्हणणं बरं दिसेना. सहा तिकिटं घेतली.
माझं एकशे चौदा.
दात पडलेली एक मुलगी आकडा वाचते,
सगळा हॉल वळून बघतो,
कुणीतरी माझ्या हातात दोरी देतं
आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला
मेंढी.
जिवंत. वर्षाची असेल.
तिनं मला न्याहाळलं, जसा बँकेतला माणूस
अपुरी कागदपत्रं न्याहाळतो.

हिला मागच्या सीटवर बसवू, जयदीप म्हणाला,
पण हेल्मेट लागेल.
उन्मेष इतका हसला की वेळापत्रकानं डोळे पुसले.
प्लास्टिक होतं, पुसले गेले नाहीत.

सुरी तयार होती, निखारेही. मी मान हलवली.
मग मी सांभाळते, एदेल्मिरा म्हणाली, पण तुझीच.
सोडतीत निघालेलं इथे परत घेत नाहीत.
लाल रंगाचा डबा आला. काढ तुझं अक्षर.
मी ळ काढला.
माझ्या नावात तो नाही.
पण त्या अख्ख्या मुलखात
दुसऱ्या कुठल्याच मेंढीवर तो नसणार,
चुकामूक नको.

टँकर पहाटे तीनला आला, हॉर्न वाजवत, वरातीसारखा.
पाचला आम्ही निघालो. काळोखात कुंपणाशी
काहीतरी पांढरं उभं होतं, तीच असेल असं नाही.
खड्डा, कानात जयदीप म्हणाला. मग थोड्या वेळानं,
खड्डा नसताना, काहीतरी वेगळं.

लोकर कातरली की अक्षरही जातं,
हे मला फार उशिरा सुचलं, घरी, भांडी घासताना.
म्हणजे आता ती नुसती मेंढी,
नाहीतर एदेल्मिरा दरवर्षी
रंगाचा डबा उघडून गुडघ्यावर बसते
आणि आठवायचा प्रयत्न करते :
दोन गाठी होत्या, शेजारी शेजारी,
आणि सुरुवात
नक्की कुठल्या बाजूनं.