चौदा नंबर, टेंटर लेन

नकाशा टेबलापेक्षा मोठा निघाला.
चार कोपऱ्यांवर ठेवलं मी हाताला लागेल ते:
स्टेपलर, दोन शब्दकोश, क्लिफर्डच्या चष्म्याचा डबा.

क्लिफर्ड ऑग्डेन. यॉर्कशायरच्या या गावात
तीस वर्षं गॅसचे मीटर वाचले.
घरं वरून कशी दिसतात ते त्याला ठाऊक नाही,
तळघरं मात्र तोंडपाठ.

साल अठराशे नव्वद. झाडसुद्धा एकेक मोजून काढलेलं.
टेंटर लेनवर आज गाड्या उभ्या असतात;
इथे ओळीने आखलेल्या चौकटी,
लोकरीचं ओलं कापड आकड्यांना ताणून
वाळत घालायच्या.
"नाव तेवढं राहिलं," तो म्हणाला, "आणि वारा."

मग त्याचं बोट थांबलं.
घर नव्हतंच तिथे, कुरण होतं,
कुरणात मुंगीएवढी एक खूण: विहीर.
"चौदा नंबर," तो पुटपुटला.
"नुसरत मलिकचं स्वयंपाकघर."

सिंकजवळची तिसरी फरशी.
तीनदा उखडली, तीनदा बसवली,
नवऱ्याशी भांडण, प्लंबरला शिव्या,
तरी दर फेब्रुवारीत तिला घाम फुटतोच.

आम्ही दोघं ट्रेसिंग पेपर घेऊन नुसरतच्या दारात.
तिने गॅस बारीक केला, कागद खिडकीच्या उजेडात धरला.
बराच वेळ काही बोलली नाही.
"म्हणजे इतकी वर्षं
मीच हिच्या डोक्यावर बसलेय?"
आणि पायातल्या सपाता
काढून बाजूला ठेवल्या.

क्लिफर्डने सवयीने विचारलं,
मीटर कुठे आहे.